जाती की प्रजाती?

प्रश्न : ‘वड, पिंपळ, उंबर अशा विविध प्रजातींची रोपे लावली’ अशी वाक्ये बातम्यांत नेहमी दिसतात. इथे ‘प्रजाती’ बरोबर आहे का? आणि हापूसला आंब्याची प्रजाती म्हणावे का?

चूक, आणि तीही नेमकी उलटी. वड, पिंपळ, उंबर या तीन जाती. प्रजाती तिघांची एकच, फायकस. म्हणजे विविध प्रजाती लावल्याच नाहीत! मराठीतली उतरंड शाळेच्या पुस्तकातही आहे : सृष्टी, विभाग (प्राण्यांत संघ), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. इंग्रजीतली जीनस ती प्रजाती, स्पीशीज ती जाती. हिंदीत स्पीशीजला सर्रास ‘प्रजाति’ म्हणतात आणि जीनसला ‘वंश’. घाईने केलेल्या भाषांतरांतून ते इकडे आले. शिवाय ‘जात’ लिहायला हात कचरतो आणि ‘प्र’ लावला की शास्त्रीय वाटते, हेही एक कारण असावे.

‘प्र’ म्हणजे पोटभेद, म्हणून प्रजाती जातीच्या खाली, असे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. दाखला देतात प्रपौत्राचा. प्रपितामह (पणजोबा) मात्र सोयीने विसरतात! ‘प्र’ नुसता एक पायरी पुढे नेतो, वर किंवा खाली. आपला पणतू ‘प्रनप्तृ’पासून आला तो खालच्या बाजूचा, एवढेच.

खरी गंमत लॅटिन शब्दांत आहे. ‘जीनस’ आणि आपला ‘जन्’ धातू सख्खे. संस्कृत ‘जनस्’ आणि लॅटिन ‘जेनुस’ अक्षरशः एकाच साच्यातले. ‘जाती’ही याच ‘जन्’ची. मग व्युत्पत्तीने जीनसलाच जाती म्हणायला हवे की! इथे विरोधकांना आयता मुद्दा मिळतो, पण थांबा. ‘स्पीशीज’ येतो ‘पाहणे’ या अर्थाच्या ‘स्पेसेरे’वरून, मूळ अर्थ रूप, जे डोळ्यांना दिसते ते. त्याचा संस्कृत भाऊ ‘स्पश्’, म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाच्या भोवती बसलेले स्पश् ते हेच, ‘पश्यति’ही त्यांच्याच घरातला, आणि इंग्रजांचा ‘स्पाय’ दूरचा चुलतभाऊ. आता वैयाकरण पतंजलीची ‘महाभाष्या’तली जातीची व्याख्या पाहा : ‘आकृतिग्रहणा जातिः’. आकृतीवरून ओळखता येते ती जाती. रूपावरून ठरणारी स्पीशीज आणि आकृतीवरून कळणारी जाती! धातू जुळत नाहीत, व्याख्या जुळते. ज्याने कुणी स्पीशीजसाठी ‘जाती’ निवडला त्याला महाभाष्य ठाऊक होते असे मी धरून चालतो. कुणाला हे ओढूनताणून वाटले तर वाटो.

व्यवहारात ओळखायची खूण सोपी आहे. शास्त्रीय नाव एका शब्दाचे (फायकस) तर प्रजाती. दोन शब्दांचे (फायकस रिलिजिओसा, म्हणजे पिंपळ) तर जाती. दुसरा शब्द एकटा वापरू नये : आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब अझाडिराक्टा इंडिका, नुसते ‘इंडिका’ म्हटल्यावर काय कळणार? रोमन लिपीत दोन्ही शब्द तिरपे, पहिल्याचे आद्याक्षर मोठे, दुसऱ्याचे लहान, मग तो गावाच्या किंवा माणसाच्या नावावरून आलेला का असेना. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून पहिल्यांदा नाव पूर्ण लिहावे आणि मगच ‘फा. रिलिजिओसा’ असे आखडावे. जुन्या मराठी पुस्तकांत उंबराला फायकस ग्लोमेरॅटा म्हटलेले आढळते. ते नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गचे, नंतरचे. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीअसचे ‘रेसिमोसा’ १७५३चे, आणि आधीचे नाव टिकते हा नियम, म्हणून आता फायकस रेसिमोसा.

हो, हापूस. तो ना जाती, ना प्रजाती. हापूस, पायरी, केसर सगळे मँजिफेरा इंडिकाच. कलमाने जपलेले वाण. शेतकरी त्याला ‘जात’ म्हणतो, खुशाल म्हणू दे. शास्त्रीय लेखात मात्र ‘वाण’च लिहावे.