विसरभोळेपणाच्या स्कॅनसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील ६९ वर्षांचे, शिक्षण सातवी, घरात तेलुगू बोलतो. यंत्रमाग विकून आलेले १५ लाख तीन वर्षांपूर्वी ८.२ टक्क्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. वर्षभरात ते फार विसरतात, दुकानदाराला दोनदा पैसे देऊन आले. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या ‘मोका’ चाचणीत ३० पैकी २१ गुण मिळाले. अल्झायमरच्या पेट स्कॅनला प्रवासासह दीड लाख लागतील म्हणतात. ठेव मोडू का?

उत्तर : आत्ता तरी नको. या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, खातं पूर्ण बंदच करावं लागतं. दोन वर्षं उलटल्यामुळे मुद्दलातून १ टक्का, म्हणजे १५ हजार कापले जातील आणि तिमाहीचं ३०,७५० रुपये व्याज थांबेल.

आधी ते २१ गुण तपासा. मोकात साधारण २६ किंवा त्याहून जास्त गुण ठीक मानतात, पण बारावीपर्यंतच शिकलेल्याला एक गुण वाढवून द्यायचा असतो. तो दिला होता का? घरी तेलुगू बोलणाऱ्या माणसाची परीक्षा मराठीत झाली असेल, चष्मा घरी राहिला असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर गुण फुकट जातात. चाचणी तेलुगूत पुन्हा करून घ्या. सोबत बी-१२, थायरॉइड, एमआरआय, आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही चौकशी. हे सगळं सोलापुरात होतं. बी-१२ किंवा थायरॉइडचा दोष निघाला तर त्यावर साधा उपचार आहे.

स्कॅनचं म्हणाल, तर कॅन्सरसाठी करतात तो पेट वेगळा आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन दाखवणारा वेगळा. अंदाजपत्रकात नेमका कोणता आहे ते विचारा. शिवाय अमायलॉइड स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांतही सापडतं, त्यामुळे नुसत्या स्कॅनवर निदान ठरत नाही. पी-टाऊ २१७ या अल्झायमरशी संबंधित प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्यांसाठी. न्यूरॉलॉजिस्टला तिच्याबद्दल विचारा, कदाचित स्कॅन टळेल.

अल्झायमरवरचं लेकॅनेमॅबसारखं औषध घ्यायचं असेल तरच स्कॅनला खरा अर्थ. रुग्णांवर झालेल्या औषधाच्या चाचणीत १८ महिन्यांत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबवली नाही. दर पंधरवड्याला सलाइन, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. म्हणजे हिशेब दीड लाखाचा नाहीच, पुढच्या दीड-दोन वर्षांचा आहे. मेडिक्लेमवर विसंबू नका. केवळ तपासणीसाठी ॲडमिट केलं तर दावा सहसा नाकारतात.

स्कॅनपेक्षा घाईचं काम कागदांचं. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं बरेच जण समजतात. पण देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं. म्हणून वडिलांना कळतंय तोवर बचत खात्यावर आईचं नाव लावून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी सूचना द्या, वारसनोंद तपासा, एटीएमची मर्यादा उतरवा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा, आणि शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या.