पिस्तूल नेमबाजीचा चष्मा: नंबर लांबचा की जवळचा?

आपण लिहिले आहे की आपले वय ५२ आहे, १० मीटर एअर पिस्तूल नेमबाजी करता, उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर मायनस २.२५ असून सिलिंडर (एका ठरावीक दिशेतला दोष सुधारणारा नंबर) मायनस ०.७५ आहे, आणि रोजच्या प्रोग्रेसिव्ह (वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या) चष्म्यातून फ्रंट साइट (नळीच्या टोकाजवळची नेम धरण्याची खूण) धूसर दिसते म्हणून हनुवटी वर उचलून काचेच्या खालच्या भागातून पाहावे लागते. चष्मेवाल्याने ‘लांबचा करू की जवळचा’ असे विचारले आणि आपण अडकलात. माझ्या मते त्या प्रश्नातच घोटाळा आहे, कारण आपल्याला हवा असलेला नंबर या दोन्हींपैकी एकही नाही.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळतो. पिस्तूल रोखल्यावर रिअर साइट (पिस्तुलाच्या मागच्या टोकाची खाच), फ्रंट साइट आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, आणि त्यांतली फ्रंट साइट स्वच्छ दिसणे सर्वांत महत्त्वाचे, कारण दोन साइट्स एकमेकींशी किंचितही चुकल्या तर ती चूक लक्ष्यापर्यंत जाताना कित्येक पटींनी वाढते. तरुणपणी डोळा हे अंतर स्वतःच जुळवून घेतो. चाळिशी लागली की ती ताकद कमी होत जाते आणि पन्नाशीनंतर जेमतेम उरते. म्हणून उरलेले काम काचेकडून करून घ्यायचे असते, पण नेमके किती, हे मोजूनच ठरवावे लागते.

हिशेब सोपा आहे. मीटरमधील अंतराने १ ला भागले की डायॉप्टर, म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक, मिळतो. हात ताणून धरलेल्या पिस्तुलाची फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असेल, तर तिच्यासाठी १.३३ डायॉप्टर लागतात आणि १० मीटरवरील लक्ष्यासाठी ०.१. या दोहोंचा मध्य सुमारे ०.७ येतो. म्हणजे आपल्या लांबच्या नंबरात प्लस ०.७५ मिळवून पाहायला सुरुवात करावी: मायनस २.२५ चे मायनस १.५० होतील, सिलिंडर आणि अक्ष (सिलिंडरची दिशा) तसेच राहतील. डोळा तेव्हा सुमारे दीड मीटरच्या आत जुळलेला असेल, आणि तिथून फ्रंट साइटकडे येण्यासाठी जे अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास उरते, ते आपल्या वयातही बहुतेकांचा डोळा ओढून घेऊ शकतो. मात्र उलट दिशेने डोळा काहीच करू शकत नाही. काचेत प्लस जास्त झाला तर लक्ष्याकडचा धूसरपणा डोळ्याला कमी करता येत नाही, त्यामुळे शेवटचा पाव डायॉप्टर डोळ्यावरच सोडावा, असे माझे मत आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिला चष्मा मी हौसेने पूर्ण फ्रंट साइटच्या अंतराचा करवून घेतला. साइट अशी दिसायची की तिच्या वरच्या कडेवरचे ओरखडे मोजता यावेत, आणि लक्ष्य म्हणजे कागदावर सांडलेला राखाडी डाग. गणित करून पाहिल्यावर कारण कळले: बाहुली ३ मिलिमीटर धरली आणि सव्वा डायॉप्टरची चूक असली, तर १० मीटरवर काळ्या वर्तुळाची कड सुमारे ३७ मिलिमीटर पसरते, आणि ते वर्तुळच मुळी ५९.५ मिलिमीटरचे. मधला नंबर घेतला की हा पसारा निम्म्यावर येतो. कड मऊ राहते, ती राहणारच, पण वर्तुळ वर्तुळासारखे दिसते आणि त्याखाली साइट ठेवता येते.

ऑप्टोमेट्रिस्टकडे जाण्याआधी अंतर स्वतः मोजून घ्या. रेंजवर, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा आणि सहकाऱ्याला डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटपर्यंत टेप धरायला सांगा. समोरून आणि बाजूने एकेक छायाचित्रही काढून ठेवा. पिस्तूल दवाखान्यात नेऊ नका. लाकडाच्या पट्टीच्या टोकाला फ्रंट साइटच्या रुंदीची काळ्या पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा चिकटवून नेला तरी भागते. तपासणीत आधी फक्त नेम धरणाऱ्या डोळ्याचा लांबचा नंबर नव्याने काढून घ्यावा, कारण जुन्या चिठ्ठीवर पुढचा हिशेब उभारला तर सगळेच चुकते. मग ट्रायल फ्रेम (काचा बदलता येणारी तपासणीची फ्रेम) घालून उभे राहा, पट्टी नेमक्या अंतरावर धरा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या काळ्या वर्तुळाकडे पाहत प्लस ०.५०, ०.७५ आणि १.०० या तीन काचा आलटूनपालटून लावून घ्या. प्रत्येक काच निदान अर्धा मिनिट ठेवायला सांगा, कारण पहिल्या क्षणी डोळा जोर लावून सगळे ठीक असल्याचे भासवतो.

काच एकाच नंबरची हवी. प्रोग्रेसिव्हमध्ये मान पाव इंच हलली तरी नंबर बदलतो, आणि आपली हनुवटी वर जाते ती त्यामुळेच. तितकेच महत्त्वाचे म्हणजे काच नजरेच्या रेषेला काटकोनात असली पाहिजे. पिस्तूल नेमबाज आडवा उभा राहून मान वळवतो, त्यामुळे साध्या चष्म्यात नजर काचेच्या मध्यातून न जाता कडेकडून तिरपी जाते. तिथून तिरपे पाहिल्याने नेम सरकतो असे अनेकांना वाटते, पण ते तसे नाही. एकाच रेषेतले किरण काचेत एकसारखेच वळतात. खरा तोटा असा की तिरप्या काचेतून नको असलेला जादा सिलिंडर तयार होतो आणि कडांना रंगीत झालर येते. नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये गोल काच खोबणीत बसवून हवी तशी फिरवता आणि सरकवता येते, आणि नियमित सराव करणाऱ्याने तीच घ्यावी. साधी फ्रेमच वापरायची असल्यास पवित्र्यात उभे राहून नजर जिथून जाते, तिथे फ्रेममधल्या नमुना काचेवर पेनाने ठिपका करून घ्या आणि काचेचा मध्य त्या ठिपक्यावर आणायला सांगा.

गोल काचेचा एक त्रास मात्र आपल्याला नक्की होईल, कारण आपल्याला सिलिंडर आहे. पुसताना काच खोबणीत फिरते आणि अक्ष बिघडतो. १० अंशांनी फिरली तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश उपयोग वाया जातो, ३० अंशांनी फिरली तर फायदा शून्य. माझी फ्रंट साइट तीन आठवडे डाव्या बाजूला शेपूट फुटल्यासारखी दिसत होती, आणि मी दोष देत होतो रेंजवरच्या दिव्यांना! आता काचेच्या कडेवर आणि खोबणीवर अक्षाच्या जागी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढलेली असते. दोन्ही रेघा जुळल्या की काम झाले.

दुसरा डोळा मिटून ठेवू नका. चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेमाचा डोळाही थकतो. काळ्या पट्टीने झाकू नका, कारण एका डोळ्याकडचा उजेड तुटला की दोन्ही बाहुल्या रुंदावतात आणि धूसरपणा वाढतो. दुधी, उजेड आत येऊ देणारी पट्टी लावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. आयरिस, म्हणजे लहानमोठे करता येणारे छिद्र, लावायचा असेल तर नंबर पक्का झाल्यावरच लावा. त्याचे छिद्र लहान केले की साइट आणि लक्ष्य दोन्ही सुधारतात, पण उजेड कमी होतो, आणि चुकीचा नंबर झाकण्यासाठी तो वापरला तर संध्याकाळी मंद प्रकाशात पितळ उघडे पडते. रंगीत फिल्टरचा मला स्वतःला फारसा उपयोग झालेला नाही.

सुरक्षेचे एवढेच सांगतो की शिशाचा छर्रा आदळून उलटा येऊ शकतो आणि ती छोटी गोल काच डोळ्याचे संरक्षण करत नाही. आजूबाजूला इतर लोक नेम धरत असताना पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी झाकणारा चष्मा घालावा. योग्य नंबर लावूनही साइटला दुहेरी कड किंवा धुके दिसत राहिले, तर मोतीबिंदूची सुरुवात तपासून घ्या, आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात असतानाच नंबर काढा, कारण साखरेबरोबर तोही हलतो.

चष्मा हाती आला की पहिल्या दहा गोळ्यांवरून मत बनवू नका. सामन्यात ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात. पन्नासाव्या गोळीनंतरही फ्रंट साइटची वरची कड सरळ आणि काळी दिसली, तर नंबर बरोबर आहे. तोवर ती विरघळू लागली असेल, तर पाव डायॉप्टर प्लस वाढवून पुन्हा तपासा.