दातांचा अहवाल आणि हातचे गेलेले तीस दिवस

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकांनी विचारलंय: घराच्या वाटणीवरून मारामारी झाली. फिर्यादीच्या दंडावरचा चावा धाकट्या भावाच्याच दातांचा आहे, असा खासगी डेंटल कॉलेजचा अहवाल चालानात, म्हणजे आरोपपत्रात, लागलाय. विज्ञानापुढे काय बोलणार?

बोलायला पुष्कळ आहे. पण चालानाच्या नकला मिळून अडीच महिने झाले आणि 'वकील म्हणाले, पुढच्या पेशीला बघू', असं तुम्हीच लिहिता. घोडं इथंच पेंड खातंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३० वाचा. कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत तो खरा म्हणून मान्य की अमान्य, ते सांगायचं असतं. त्यातलं दुसरं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, तुमच्या प्रकरणाचा जीव आहे: अहवालावर कुणीच वाद घेतला नाही, तर तज्ज्ञाला कोर्टात बोलावलं जाणार नाही. मग उलटतपासणी कुणाची घेणार? इतका मोठा कागद घरात पडून होता, आणि एकानंही तो उघडून वाचू नये याचा मला राग येतो.

लेखी कारणं नोंदवून मुदत शिथिल करायचा अधिकार कोर्टाला आहे. ऑर्डरशीटची, म्हणजे प्रत्येक पेशीला कोर्ट लिहितं त्या नोंदींची, नक्कल आजच काढा आणि येत्या पेशीलाच अर्ज द्या. तिथं 'मान्य' अशी नोंद झाली असेल तर काम अवघड होईल. किती, ते नोंद पाहूनच सांगता येईल.

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. हात कोपरात वाकलेला, मोबाइल तिरका धरलेला, व्रणाशेजारी मोजपट्टी नाही. कातडी ताणते, सुजते. हात सरळ केला की तोच व्रण लांबट दिसतो. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं २०२३ साली स्पष्ट म्हटलं, की चाव्यावरून माणूस ओळखण्याला पुरेसा शास्त्रीय पाया नाही. तिथल्या रे क्रोन यांना १९९२ साली मुख्यतः अशाच खुणेवर दोषी धरलं होतं. २००२ साली डीएनएमुळे ते सुटले. तज्ज्ञाला विचारायचं ते हेच. मात्र निर्भया प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली असा अहवाल स्वीकारलाय, आणि सरकारी वकील तो निकाल पुढे करतीलच. तिथं डीएनएही होता, हे तुमच्या वकिलांनी ठासून सांगावं.

मेडिकलच्या वेळी व्रणावरून लाळेचा स्वॅब घेतला होता का, तेही कागदांत शोधा. डीएनए तपासणीची मागणी मात्र घाईनं करू नका. आधी भावाला वकिलांसमोर एकट्यानं बसू द्या आणि चावा घेतला की नाही, ते त्यांना खरं सांगू द्या.