खाणीत अडकलेला सुपरहिरो, सोबतीला शत्रू आणि अखेरचं बलिदान: २२ पानांत कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉमिकचा नायक आणि खलनायक कोसळलेल्या खाणीत अडकतात, नाइलाजाने एकत्र येतात आणि शेवटी नायक जीव देतो. मित्र म्हणतात, शेवट ओढूनताणून आणलाय. मग दुरुस्ती कुठे करायची?

शेवटच्या पानांना इतक्यात हात लावू नका. असा दोष बहुतेक वेळा पान ३ ते ६ मध्ये असतो. जगायला किती लागतं याचा हिशेब वाचकाला तिथे मिळालेला नसतो, म्हणून पान २० वरचं मरण लेखकाने लादल्यासारखं वाटतं.

तो हिशेब खरा मांडा. समजा पोकळी ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. म्हणजे २० घनमीटर, २०,००० लिटर हवा. थोडीफार हालचाल करणारा माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे झाले ४०. पाच तासांत २०० लिटर, म्हणजे १ टक्का. ३ टक्क्यांना श्वास जोरात चालतो, डोकं ठणकू लागतं. हे पंधराव्या तासाला. ५ टक्क्यांना, पंचविसाव्या तासाला, धाप आवरत नाही. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधी हा वायू माणसाला गाठतो. ‘ऑक्सिजन संपत आलाय’ हा संवाद म्हणूनच काढून टाका. त्याऐवजी डोकेदुखी आणि चिडचिड दाखवा, भांडणंही आपसूक सुचतील.

आता शक्तीला किंमत लावा. नायक शक्ती वापरतो तेव्हा आठ माणसांइतका श्वास घेतो, असं ठरवा. एक तास दगड हलवला की १६० लिटर, म्हणजे दोघांचे चार तास खर्च. हे पान ४ वर एकाच चौकटीत, न समजावता दाखवायचं: नायक शिळा उचलतोय आणि कोपऱ्यात खलनायक छाती धरून धापा टाकतोय. एवढं झालं की नायकाचं सामर्थ्यच दोघांच्या जिवावर उठलंय, हे वाचक स्वतः ओळखतो.

युतीसाठी दोघांकडे एकमेकांना न मिळणारी एकेक गोष्ट हवी. नायकाकडे बळ, खलनायकाकडे खाणीचा नकाशा, तोही डोक्यात. पलीकडच्या बोगद्यात कामगार अडकलेत आणि तिथली वाट फक्त त्यालाच माहीत, असं केलं तर शेवटी खलनायकालाच वाचवणं भाग पडतं. मला हीच जागा सगळ्यांत मोलाची वाटते. गुणी माणसासाठी जीव देणं समजण्याजोगं आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हाती इतरांचे प्राण सोपवून मरणं फार अवघड. दोघांची मैत्री मात्र होऊ देऊ नका. एक्स-मेन या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकमधल्या मॅग्नेटो या खलनायकाचं मन १९८१ च्या १५० व्या अंकात, आपण एका लहान मुलीवर हल्ला केला हे जाणवल्यावर हललं. एक्स-मेनच्या शाळेची जबाबदारी त्याच्याकडे आली ती १९८५ च्या २०० व्या अंकात. तुमच्याकडे पानं २२ आहेत, तेव्हा एखादंच पाऊल पुरे. ‘अरे-तुरे’ करणारा खलनायक शेवटी एकदाच ‘तुम्ही’ म्हणाला तरी चालेल.

पान १२ ते १७ मध्ये सुटकेच्या तीन वाटा एकेक करून बंद करा, आणि त्यातली एक नायकाच्याच चुकीने. वाचकाला सुचेल असा कुठलाही उपाय शिल्लक राहिला की बलिदान पोकळ ठरतं.

पान १९ पाच चौकटींचं ठेवा: शिळेखाली नायकाचे खांदे, फटीतून सरपटणारा खलनायक, नायकाच्या हेल्मेटवरचा मंद दिवा, फटीपलीकडून परत आत आलेला खलनायकाचा हात, त्या हातात आपला दिवा ठेवणारी नायकाची बोटं. संवाद नको, निवेदनही नको. पान २० पूर्ण पानभर एकच चित्र.

नायक पुढच्या अंकात जिवंत होणार असेल तर हा शेवट लिहूच नका. १९८० मध्ये एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात जीन ग्रे ही नायिका मेली. आधी तिची फक्त शक्ती काढून घेतली जाणार होती. पण तिच्या हातून एक अख्खा वसलेला ग्रह संपला होता, म्हणून संपादक जिम शूटर यांनी हलकी शिक्षा नाकारली. १९८६ मध्ये ती परतली आणि मेली ती खरी जीन नव्हतीच, असा खुलासा आला. जुन्या अंकातलं ते मरण त्यामुळे उणं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

छपाईचं एक पथ्य. पुस्तकात पान १ उजवीकडे येतं, त्यामुळे पान उलटल्यावर आधी दिसतं ते समसंख्येचं पान. धक्का तिथेच ठेवायचा, म्हणूनच वर पान २० म्हटलं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं ४ च्या पटीत लागतात. २२ पानांच्या गोष्टीला आत २४ धरा आणि उरलेली दोन पानं शेवटी घ्या. श्रेयनामावलीचं एक पान पुढे घातलंत की सगळे धक्के एका पानाने सरकतात आणि पान १९ वाचतानाच शेजारी मरण दिसतं.

संवादाच्या एका फुग्यात २० शब्दांच्या वर जाऊ नका. देवनागरीत वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली येतात, ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. छापायला देण्याआधी प्रत्येक फुगा मोठा करून तपासा.