छंदपेटी: रणगाड्याचे सुटे भाग घरच्या घरी

प्रश्न: १:३५ मापाच्या टी-५५ रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलचे मडगार्ड फळीसारखे जाड दिसतात. कानशीने पातळ करायला गेलो तर कोपरा तुटला. नवे कशाचे करावे? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: आधी हिशेब करा. किटमधले १ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक म्हणजे खऱ्या मापात ३५ मिलिमीटर. तेवढे जाड तर चिलखत असते, मडगार्ड दोन-तीन मिलिमीटर पत्र्याचा. थंड पेयाच्या कॅनची बाजू सुमारे ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्या मापात ३.५. यापेक्षा जवळचा पत्रा विकत शोधायची गरज नाही.

कॅनचे वरचे-खालचे तोंड कापून पत्रा उलगडा. कडा ब्लेडसारख्या असतात, तेव्हा हातमोजे घाला. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने बाहेरची छपाई आणि आतला लेप दोन्ही काढा, नाहीतर गोंद आणि प्राइमर दोन्ही सालासारखे निघतात. मूळ मडगार्ड कापून टाकण्याआधी त्याचा कागदी नमुना काढून ठेवा. आपल्याकडे तुटलेल्या तुकड्यांवरून माप काढत बसण्याची हौस फार. पत्रा कात्रीने कापला तर कड वळते, म्हणून पोलादी पट्टीला लावून कटरने तीन-चार हलक्या रेघा ओढा आणि मागे-पुढे वाकवून मोडा. मडगार्डवरच्या उभ्या पन्हळी हव्या असतील तर पत्रा जाड पुठ्ठ्यावर ठेवून, संपलेल्या बॉलपेनने मागच्या बाजूने दाबत न्या.

प्लास्टिकचा लिक्विड सिमेंट इथे चालत नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि धातू विरघळत नाही. सुपर ग्लू किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरा. बिनगोंदाने बसवून, चाकांवरून साखळी फिरवून पाहा. साखळी आणि मडगार्ड यांच्यात फट कमी पडते ती नेहमी पुढच्या चाकापाशी.

प्रश्न: हेडलाइटभोवतीची जाळी तारेने केली. दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत आणि धक्का लागला की निघते.

उत्तर: लॅन केबलमधली एकेरी तांब्याची तार ०.५ मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या मापात सुमारे १८ मिलिमीटरची सळई. अशा जाळीला हीच बरोबर बसते. वरचे आवरण सोलून एक टोक पकडीत धरा, दुसरे चिमट्याने किंचित ताणा. तार जराशी लांब होते आणि सुतासारखी सरळ होते. बोटाने सरळ करत बसू नका, लाटा राहतातच.

दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या तर डोळ्यांवर भरवसा नको. आकार कागदावर काढून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवा, वळणांवर टाचण्या ठोका आणि दोन्ही तारा त्याच साच्यात वाकवा. पाय नुसते टेकवून चिकटवले की निघणारच. चिलखताच्या पत्र्यात ०.५ मिलिमीटरचे भोक दीड मिलिमीटर खोल पाडा आणि पाय तेवढा आत घाला. इतके बारीक ड्रिल इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात नसेल, तर सर्किट बोर्डाला भोके पाडणाऱ्यांकडे विचारा.

प्रश्न: प्लास्टिक शीटचे दोन थर चिकटवून तोफघर उभे केले. आठ दिवसांनी भिंत आत बसली. शीट खराब होती का?

उत्तर: शीट नव्हे, सिमेंट. पूर्ण पृष्ठभागावर लावलेला सिमेंट आत कोंडतो, उडून जायला वाट मिळत नाही आणि प्लास्टिक आतून मऊच राहते. आतल्या थराला दर सेंटिमीटरला १ मिलिमीटरचे भोक पाडा, सिमेंट कडेने आणि मध्ये ठिपके-ठिपके लावा, काचेखाली वजन ठेवून पूर्ण एक दिवस सुकू द्या. भिंतीच्या आत आडव्या पट्ट्याही हव्यातच. पोकळ खोका नुसत्या भिंतींवर सरळ राहत नाही.

जोडावरचे वेल्डिंग दाखवायचे तर किटच्या स्प्रूला, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या काडीला, मेणबत्तीपासून जरा दूर तापवून ओढा, मिळालेला धागा जोडावर ठेवा आणि ब्रशने सिमेंट दोनदा लावा. दोन मिनिटांत धागा मऊ होतो. मग बोथट ब्लेडच्या टोकाने अर्धचंद्रासारखे ठसे एकावर एक उमटवा. सिमेंट तिसऱ्यांदा लावण्याचा मोह होतो. तेव्हा खालची शीटही विरघळते आणि ठसे पुसले जातात.

प्रश्न: विजयंता रणगाड्याच्या मॉडेलसाठी पितळी नळीची तोफ बसवते आहे. माप काय धरू? नळी जड असल्याने खाली झुकते. (वाचक, वडोदरा)

उत्तर: विजयंताची तोफ १०५ मिलिमीटरची, म्हणून १:३५ मध्ये तोंडाचे छिद्र बरोबर ३ मिलिमीटर. तोफ ५२ कॅलिबरची, म्हणजे नळी छिद्राच्या ५२ पट लांब, मॉडेलमध्ये पूर्ण नळी १५६ मिलिमीटर. पण त्यातला मागचा भाग तोफघरात जातो, तेव्हा बाहेर दिसणारी लांबी बाजूने काढलेल्या फोटोवरून घ्या. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर फोटो चाकांच्या उंचीवरून, अगदी काटकोनातून काढा. तिरप्या फोटोवरचे माप फसवते.

तोफघराच्या पुढच्या भागात भोक पाडताना थेट जाड ड्रिल लावू नका, तो घसरतो. आधी सुईने खूण, मग १ मिलिमीटर, मग २, मग नळीच्या बाहेरच्या व्यासाइतके. नळी वरून सरळ आहे का, ते तोफघरावर चिकटपट्टी लावून तिच्यावर मधली रेघ आखून पाहा. झुकण्याला उपाय दोन: उचलण्याचा सांधा इपॉक्सीने कायमचा बसवा, किंवा तोफघराच्या मागच्या कप्प्यात शिशाचा तुकडा चिकटवा. तोफ हलती ठेवायचा हट्ट नसेल तर पहिलाच करा.

प्रश्न: पावसाळ्यात सुपर ग्लूच्या भोवती पांढरी धूळ जमते.

उत्तर: गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. जास्त लावला की त्याची वाफ आसपास बसते आणि पांढरी दिसते. सुईच्या टोकावर घेऊन लावा, मॉडेल लगेच डब्यात बंद करू नका. बसलेली धूळ १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलके घासा. राहिलेले प्राइमरखाली झाकले जाते.