माझ्या कादंबरीतला खलनायक कृत्रिम वाटतो. नायक आणि खलनायक प्रभावी कसे करावेत?

नायकाला जे हवे आहे तेच खलनायकालाही हवे असावे आणि ते दोघांना पुरण्याइतके नसावे, एवढी मांडणी पक्की झाली की खलनायकाला क्रूर हास्य किंवा व्यसने चिकटवावी लागत नाहीत. हे मी ठामपणे सांगतो, कारण याच मुद्द्यावरून एका दिवाळी अंकाच्या संपादकांशी माझा झालेला वाद आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

माझी कथा कालव्याच्या पाण्याची होती. चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटाच्या, अगदी शेवटी, टेलला, जमीन असलेली एक विधवा आणि हेडला, म्हणजे चारीच्या सुरुवातीला, ऊस असलेला पाणीवापर संस्थेचा (पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचा) अध्यक्ष, अशी ती दोन पात्रे. उन्हाळ्याच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, अध्यक्ष आपले शेत भिजल्याखेरीज पाणी पुढे सोडत नाही. मात्र फुटलेली चारी त्याने स्वतःच्या पैशाने दुरुस्त केलेली असते, तेव्हा कोणीही वर्गणी दिलेली नसते, आणि पहिला हक्क आपलाच आहे असे तो मनापासून मानतो. संपादकांनी त्या दुरुस्तीचा प्रसंग काढून टाकायला आणि त्याऐवजी अध्यक्षाची विधवेवर वाईट नजर असल्याचे दाखवायला सांगितले. राग कोणाचा धरायचा हे वाचकाला पहिल्या पानावर कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मी नकार दिला आणि कथा परत आली.

मी त्यांना ‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण दिले होते. 1972 साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या त्या नाटकात घाशीराम पुण्यात येतो आणि अपमानित होतो. चोरीचा आळ येतो, मार बसतो, आणि सूड म्हणून तो आपली मुलगी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. पुढे तो शहराचा छळ करतो तेव्हा त्याची कीव येत नाही, पण तो इथवर कसा पोहोचला हे आपल्याला पायरीपायरीने माहीत असते. नाना तर त्याला घडवतो, वापरतो आणि शेवटी जमावाच्या हाती देऊन स्वतः सत्तेवर कायम राहतो. यातला खलनायक कोण, हे पहिल्या पानावर कोण सांगू शकेल?

नायकाच्या बाबतीतही हेच आहे. माझी विधवा एका रात्री चारीवरच्या पाण्याच्या दाराचे कुलूप तोडून पाणी आपल्या शेतात घेते आणि त्यामुळे मधल्या एका गरीब शेतकऱ्याची कांद्याची रोपे वाळतात. हा प्रसंगही संपादकांना नको होता, कारण त्यामुळे तिच्याविषयीची सहानुभूती कमी होते. मला वाटते, पात्र म्हणून ती तिथेच उभी राहते. तोपर्यंत ती केवळ सोसणारी बाई होती. आपल्या नायकाच्या विजयाची किंमत नायकाखेरीज आणखी कोणाला मोजावी लागते, हे आपण तपासून पाहावे.

बालकथेत किंवा निव्वळ रहस्यकथेत सरळसोट दुष्ट पात्र चालते, हे मान्य करायला हवे. शिवाय खलनायकाची बाजू मांडणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. माझा अध्यक्ष शेवटपर्यंत अन्यायच करतो. परंतु त्याची वाईट नजर दाखवून कथा सोपी केली असती, तर पाण्याचा प्रश्न कथेतून नाहीसा झाला असता आणि उरला असता फक्त एक वाईट माणूस. आपल्या संपादकाने असा बदल सुचवला, तर कथा दुसरीकडे पाठवावी.