महिनाभर जुलाब थांबत नाहीयेत? गोळी नंतर, आधी कारण शोधू

पोटाच्या तक्रारींवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, ठाणे-नवी मुंबईतून बरेच आले. तीन-चार दिवसांचे जुलाब आणि चार आठवड्यांच्या वर चाललेले जुलाब, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं बहुतेक वेळा आपोआप थांबतं, दुसऱ्याचं कारण शोधावं लागतं. आज त्या दुसऱ्यावरच बोलू.

प्रश्न: वय 34, कळव्याला राहतो, ऑफिस महापेला. तीन वर्षं झाली, सकाळी निघायच्या आधी तीन-चार वेळा जावं लागतं, मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं. रविवारी त्रास कमी असतो. दोनदा अमिबाचा कोर्स झाला, फरक नाही. घरचे म्हणतात टेन्शन घेतोस.

त्रास मनाचा खेळ नाहीये, आधी हे घरच्यांना वाचायला द्या. लोकलमध्ये संडास नसतो, आणि मध्येच कळ आली तर काय या भीतीनेच आतडं आणखी जोरात चालतं, कारण मेंदू आणि आतडं यांचं एकमेकांशी सतत बोलणं चालू असतं. माझ्याकडे एक ताई यायच्या, ट्रान्स हार्बरने रोज ठाणे-वाशी. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, कुठल्या स्टेशनवर टॉयलेट कुठल्या टोकाला आहे हे त्यांना पाठ होतं आणि त्या घरून निघताना पाणीसुद्धा पीत नव्हत्या. इतकं आयुष्य आखडून जातं माणसाचं.

तुमचं वर्णन आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याला जखम-सूज नसते पण ते जास्त हळवं होतं) वाटतं. मला मात्र तीन उत्तरं हवीत. रात्री गाढ झोपेतून जुलाबासाठी उठावं लागतं का? रक्त पडतं का? वजन उतरलंय का? तिन्ही 'नाही' असतील तर एकदाच नीट तपासण्या करा: सीबीसी, सीआरपी, थायरॉइड, शुगर, स्टूल रुटीन, स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन आणि सिलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) रक्ततपासणी. कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल आलं की आतड्याला सूज असण्याची शक्यता बरीच कमी होते. सगळं नॉर्मल असेल तर दर सहा महिन्यांनी नवीन डॉक्टर, नवीन स्कोप (दुर्बिणीची तपासणी) असं करू नका.

अमिबाचं म्हणाल तर रिपोर्टमध्ये 'सिस्ट' लिहून आलं की लगेच कोर्स दिला जातो, पण त्रास देणारा अमिबा आणि निरुपद्रवी अमिबा मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात. दोन कोर्सनी काही झालं नाही म्हणजे तिसऱ्यानेही होणार नाही.

आता उपाय. सकाळचा रिकाम्या पोटीचा कडक चहा बंद, थोडं काहीतरी खाऊन मग अर्धा कप घ्या. कांदा, लसूण, राजमा, छोले, गव्हाचे पदार्थ चार ते सहा आठवडे कमी करून बघा आणि मग एकेक करून परत आणा, म्हणजे नेमकं काय सोसत नाही ते कळेल (कायमचं सगळं सोडून भात-मुगावर राहायचं नाही). इसबगोल रोज एक चमचा पाण्यातून, याने पातळ मोशनसुद्धा बांधली जाते. महत्त्वाची मीटिंग असेल त्या दिवशी लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) डॉक्टरांना विचारून घेता येतं. आणि डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी डोसमध्ये दिलं तर 'मला डिप्रेशनची गोळी दिली' म्हणून घाबरू नका, त्या डोसला ती आतड्याच्या नसा शांत करते.

प्रश्न: सासूबाई 62 वर्षांच्या, नेरुळला आमच्याकडेच असतात. डायबेटिस आहे. आठ महिने दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतं, आता त्या कुठे जायलाच तयार नसतात.

आठ महिन्यांपूर्वी मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) सुरू झालं किंवा डोस वाढला का ते आधी बघा. हे फार कॉमन कारण आहे आणि कित्येकदा साध्या गोळीऐवजी एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी जेवणाबरोबर दिली की फरक पडतो, पण बदल त्यांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या, परस्पर बंद करू नका. ॲसिडिटीचं मॅग्नेशियमवालं औषध, शुगर-फ्री मिठाई हेही विचारा. कुठलंच औषध जुळत नसेल तर या वयात नव्याने सुरू झालेल्या त्रासाला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) हवीच. आणि एक, बद्धकोष्ठाचा खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ झिरपतं असंही वयस्कर माणसांत होतं, तेव्हा जुलाब थांबवायची गोळी दिली तर उलटंच होतं.

प्रश्न: मुलगा 26 वर्षांचा, ऐरोली. चार महिने जुलाब, उजवीकडे खाली पोट दुखतं, संध्याकाळी कणकण, वजन 7 किलो उतरलं. केमिस्टकडून तीन वेळा अँटिबायोटिक आणलं, आठ दिवस बरं वाटतं मग परत तेच.

हे वाचून मला खरंच काळजी वाटली. आणखी एकही कोर्स केमिस्टकडून आणू नका, याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा उजवीकडे खाली असते, आणि आपल्याकडे तिथे दोन आजार बसतात: आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारा दीर्घकाळचा आजार). स्कोपमध्येसुद्धा दोन्ही इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही फसतो. घोटाळा असा की क्रोन्सवर स्टिरॉइड देतात आणि तेच टीबीच्या पेशंटला दिलं तर टीबी भडकतो.

म्हणून बायोप्सी (आतड्याचे छोटे तुकडे काढून तपासणं) हवी, आणि तिचे तुकडे दोन डब्यांत जायला हवेत. फॉर्मॅलिनमधला पॅथॉलॉजीला आणि साध्या सलाइनमधला जीन एक्सपर्ट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघणं), कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही वाढतच नाही. स्कोपच्या आधी डॉक्टरांना हे सरळ विचारा, कोणी रागावत नाही. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांची औषधं, सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि पूर्ण घेतली तर आजार बरा होतो. क्रोन्स निघाला तर तो लांबचा प्रवास, पण आता औषधं चांगली आहेत.

तोपर्यंत दिवसभर थोडं थोडं ओआरएस चालू ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक पेयं त्याच्या जागी नकोत, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

प्रश्न: पित्ताशय काढल्यापासून जेवलं की लगेच पळावं लागतं.

पित्त आता साठत नाही, सतत आतड्यात उतरतं आणि मोठ्या आतड्यात पोचलं की पाणी सोडायला लावतं. तळलेलं कमी करा. कोलेस्टिरामिन नावाची पावडर मिळते, तिने बऱ्याच जणांना फरक पडतो, पण बाकीच्या गोळ्या तिच्या आधी एक तास किंवा नंतर चार ते सहा तासांनी घ्यायच्या, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते.

प्रश्न: गहू बंद केला तर बरं वाटतंय, आता सिलिॲकची टेस्ट करू का?

आत्ता नको. गहू बंद असताना ती टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांना सांगून काही आठवडे रोज दोन पोळ्या खा, मग रक्त द्या. दुधाचं मात्र घरीच कळतं: दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद, ताक-दही चालू ठेवा. तेवढ्याने पोट शांत झालं तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाहीये.